सात नंबरचा खांब

१२ फेब्रुवारी २०१०, शुक्रवार

कटरे साहेबांनी आज ही डायरी दिली. कुठल्याशा कंपनीची, मागच्या वर्षीची, तारखा खोडून लिहायच्या. म्हणाले, "रत्नपाल, साइटवर रोज काय झालं ते लिहून ठेवत जा. मला दाखवायची गरज नाही, तुझी तुला कामी पडेल." दाखवायचीच नाही तर मग घरचंही लिहीन, कोण अडवते?

तर मी रत्नपाल बन्सोड, राहणार सालेकसा, वय बेचाळीस. वीस वर्षं राईस मिलमध्ये फिटर होतो. आता छोटेलाल सेठचा सुपरवायझर. सेठ गोंदियाचे, धंदा तेंदूपत्त्याचा. सालेकशाच्या बाहेर, रेल्वे लाईनच्या अलीकडं त्यांचं नवं गोदाम उभं होऊन राहिलं आहे आणि ते सगळंच्या सगळं लोखंडाचं. खांब लोखंडाचे, तुळया लोखंडाच्या, वर पत्रा. कटरे साहेब त्याचे इंजिनिअर, नागपूरला राहतात, आठवड्यातून एकदा येतात. बाकीचे सहा दिवस गोदाम माझं.

आज क्रेननं पहिले चार खांब उभे केले. बोल्ट मी स्वतः कसले, कोणाला हात लावू दिला नाही. खालून वर पाहिलं आणि खरं सांगतो, छाती भरून आली. माझ्या बापानं जन्मभर दुसऱ्याच्या कुडाच्या भिंती लिंपल्या. घरी येऊन अल्काला सांगत बसलो तर बायको म्हणते, "खांबच हाये ना? लगन लावता का त्याच्यासंग?"

३ मार्च, बुधवार

साहेबांशी थोडं वाजलं. खांबांना आगीत फुगणारा रंग मारायचा म्हणतात. तीन-तीन हात, वर जाडी मोजायची. मी म्हटलं, "साहेब, लोखंडाले कधी आग लागते का? जळणारा माल जळन, लोखंड जिथल्या तिथं राहन."

ते म्हणाले, "जळत नाही, पण मऊ होतं. लोहाराकडं पाहिलं नाही का कधी? साडेपाचशे अंशांच्या आसपास त्याची अर्धी ताकद गेलेली असते. नीट लाल दिसायच्या आधीच. जाड लाकडी वासा वरून कोळसा होतो आणि आतून बराच वेळ धरून राहतो. तुझं हे पातळ लोखंड चारी बाजूंनी एकदम तापतं. उघडं असलं तर दहा-पंधरा मिनिटं धर. रंग असला तर तास मिळतो. तेवढ्यात माणसं बाहेर निघतात."

साहेब शिकलेले आहेत, मान हलवली. पण मिलमध्ये बॉयलरच्या शेजारी वीस वर्षं काढली मी. एक खांब वाकलेला पाहिला नाही. पुस्तकातलं लोखंड वेगळं असेल बापा.

एवढं मात्र मनात बसलं की तास मिळतो. जेवताना रश्मीलाही सांगितलं. रश्मी माझी पोरगी, एकुलती एक. ती म्हणाली, "बाबा, तासाभरात तं गोंदियाहून बंबाची गाडी येऊन जाते." अल्काला तिथंही काहीतरी खुसपट काढायचं होतं, पण तिचा वरणाला फोडणी द्यायचा वेळ होता.

२७ मार्च, शनिवार

रंग झाला. दिसायला भिकार. चुन्यासारखा पांढरा आणि खडबडीत. कटरे साहेबांनी कुंकवाच्या डबीएवढं यंत्र आणलं होतं, ते खांबाला टेकवलं की आकडा येतो. एकेका खांबावर दहा-दहा ठिकाणी टेकवत बसले. सात आणि आठ नंबरवर तर वीस वेळा, कारण त्या दोघांवर वरचं ऑफिस बसलं आहे. ऑफिसला खालून लोखंडी फरशी, वर जायला लोखंडी जिना.

मला सांगून गेले: हा रंग घासायचा नाही, त्यावर खिळा ठोकायचा नाही, दुसरा रंग मारायचा तर आधी विचारायचं. दोनशे अंशांच्या वर गेला की फुगतो, त्याचं जाड कवच होतं आणि लोखंडाला आच लागू देत नाही. शिवाय खांबांभोवती दोन-दोन हात जागा सोडून पिवळी रेघ मारून घेतली, त्याच्या आत माल ठेवायचा नाही.

सेठ पाहायला आले होते. रंगाला हात लावून म्हणाले, "इतना महंगा, और दिखने में चूना!" मला हसू आलं, पण साहेबांसमोर दाबलं.

१६ एप्रिल, शुक्रवार

रश्मीचं काम झालं! परवा जयंतीच्या मिरवणुकीत सेठ भेटले, तिथंच विषय काढला. पोरगी बी.कॉम. झाली, रोज सकाळच्या गाडीनं गोंदियाला जाऊन शिकली, कम्प्युटर येतो. सेठ म्हणाले, "भेज दो ऊपर ऑफिस में, बिटिया बैठेगी." बँकेच्या परीक्षा देणारच आहे ती, तोवर हातखर्च निघेल.

अल्काची कुरकुर सुरू. "वर जाले एकच जिना हाये म्हणते रश्मी."

"तुले किती जिने पायजे? महाल हाये का तो?" मी म्हटलं. रश्मी दोघांच्या मध्ये बसून हसत होती. पहिल्या दिवशी काय घालू ते आईला विचारलं, डबा किती वाजता न्यायचा ते मला विचारलं. एवढी शिकली तरी विचारल्याबिगर पाऊल टाकत नाही. लोक म्हणतात पोरी शिकल्या की हाताबाहेर जातात. आमची बघा म्हणावं.

४ जून, शुक्रवार

चार दिवसांपासून ट्रकमागं ट्रक. दरेकशाकडच्या जंगलात अवकाळी पाऊस झाला. मैदानावर वाळत घातलेला तेंदूपत्ता पुरता वाळायच्या आधीच लोकांनी गोणपाटाच्या बोऱ्यांत भरला. सुकराम, आमच्या हमालांचा मुकादम, दरेकशाचाच आहे. बोरा पाठीवरून टाकून म्हणाला, "सुपरवायझर, बोरा जड लागून राहिला. पाणी हाये याच्यात."

सेठना फोन लावला. "बाहर रखेगा तो और भीगेगा. अंदर डाल. छत काहे को बनाई है?"

बरोबरच आहे. आत घेतला. जागा पुरेना तेव्हा ऑफिसच्या खाली, सात-आठ नंबरला चिकटवून थप्पी लावली, पार वरच्या फरशीला भिडेल इतकी. पिवळी रेघ बोऱ्यांखाली गेली. खांबाला उलट टेकूच झाला. साहेबांचं काम संपलं आहे, ते आता येत नाहीत. आणि ओला माल म्हणजे एक चिंता कमी, ओलं कधी जळत नाही.

९ जुलै, शुक्रवार

आठ दिवस झाले, पावसानं उघडीप दिली नाही. पत्त्याचे फुटलेले पुडे पुन्हा बांधायला आठ बाया येतात. त्यांची मुखिया मंदाबाई. आज जेवणाच्या सुटीत पाहतो तर बाया आपले डबे ऑफिसखालच्या थप्पीतून काढून राहिल्या! बोऱ्यांच्या फटीत हात घालतात आणि डबा काढतात. मंदाबाईनं माझ्यासमोर झाकण उघडलं, भातातून वाफ निघाली. सकाळी सातला शिजवलेला भात, दुपारी एकला.

"खताच्या खड्ड्यावानी ऊब हाये भाऊ," मंदाबाई म्हणाली. "तुमचा डबा आना, तुमचाबी ठेवतो."

मी म्हटलं, सेठना सांगून इथं हॉटेल टाकू. बाया खूप हसल्या. सुकराम म्हणतो, पत्ता आतून पिकून राहिला, पिकला की विडीला रंग चांगला येतो. सेठना फोनवर सांगितलं तर तेही खूष. उद्यापासून माझा आणि रश्मीचा डबाही तिथंच. या पावसात गरम जेवण कोणाच्या नशिबात आहे?

१४ जुलै, बुधवार

रश्मी म्हणते, टेबलाखालची फरशी गरम लागते. चप्पल काढून पाय टेकवले की कळतं म्हणे. मी वर जाऊन हात लावून पाहिला. गरम कसली, कोमट. तिला समजावलं, पत्र्यावर ऊन पडतं, लोखंडात उतरतं.

"बाबा, बारा दिवस झाले ऊन कुठं पडलं?"

पोरगी वकील व्हायची, बँकेत चालली.

२० जुलै, मंगळवार

मोठं शटर अडकून राहिलं. तिघांनी लोंबकळून खाली ओढलं. नागपूरच्या फॅब्रिकेटरनं माप चुकवलं आणि निस्तरायचं मी. ग्राइंडर लावून पट्टी तीन-चार मिलिमीटर घासली, आता लोण्यासारखं चालते. पण चार महिने हेच शटर नीट चाललं, आताच काऊन अडलं, हे मात्र समजत नाही. तुळईच थोडी लांबल्यासारखी दिसते. डोळ्याला भास होत असेल.

गोदामात गोडसर वास येतो, मोहाची भट्टी जवळपास असल्यासारखा. सुकरामला विचारलं, "पिऊन आला का गा?" तो चिडला. दिवसभर बोलला नाही माझ्याशी.

२६ जुलै, सोमवार

काल आषाढी पौर्णिमा. विहारात वर्षावासाचं वाचन सुरू झालं, अल्का आणि रश्मी दोघी पांढऱ्या साड्या नेसून गेल्या. रश्मी साडीत किती मोठी दिसते! अल्काला म्हटलंही, पुढच्या वर्षी स्थळं पाहू. रश्मीनं ऐकलं आणि म्हणाली, "आधी बँक, मंग स्थळ." ठीक आहे, तसं.

आज मात्र डोकं फिरलं. सात नंबरच्या खांबाचा रंग फुगला. छातीएवढ्या उंचीवर, थप्पीच्या बाजूनं, हातभर पट्टा. पोळीला फोड येतात तसे फोड, काही ठिकाणी करडे पडलेले, बोटानं दाबले की कुरकुर भुगा होतो. हाच तो महागाचा रंग! सालेकशात यंदा एक भिंत नसेल जिचा रंग ओलीनं फुगला नाही. माझ्या घरात देवळीपासून मोरीपर्यंत फुगला आहे. पण तो साधा डिस्टेंपर. हा नागपूरहून आणलेला, डबीनं मोजलेला, आणि पहिल्या पावसाळ्यात याची ही गत?

कटरे साहेब म्हणाले होते की हा आगीत फुगतो. दोनशे अंश म्हणजे कढईतलं उकळतं तेल. माझ्या गोदामात कढई कुठं आहे? आग नाही, धूर नाही, विडी ओढणाऱ्याला मी दाराबाहेर काढतो. साहेबांनाच कंपनीनं फसवलं. वाईट वाटलं त्यांचं.

२८ जुलै, बुधवार

सोमवारी परवान्याचे साहेब गोदाम पाहायला येणार. सेठचा सकाळीच फोन, "सब चकाचक चाहिए." सात नंबर तसा पाहिला तर म्हणतील हे काय नवं गोदाम!

थप्पीचे काही बोरे सरकवून वाट केली. सुकराम आणि मी दोघांनी तारेच्या ब्रशानं सात नंबरचा सगळा रंग खरवडून काढला, वरपासून खालपर्यंत, लोखंड उघडं होईतो. एकाच ठिकाणचा काढला असता तर ठिगळ दिसलं असतं. मग राखाडी ऑइल पेंट मारला, दोन हात. काम करताना खांब हाताला चांगलाच गरम लागत होता. त्याचा फायदाच झाला. या दमट हवेत ऑइल पेंट दोन-दोन दिवस चिकट राहतो, इथं अर्ध्या तासात खडखडीत वाळला.

आता बाकीचे अकरा खांब चुना लावलेल्या म्हाताऱ्यासारखे आणि सात नंबर नवरदेव. साहेब गेले की उरलेलेही करून टाकीन.

३० जुलै, शुक्रवार

रश्मीशी भांडण. लिहायचं नव्हतं, पण झोप येत नाही.

दुपारी ती खाली आली. "बाबा, कटरे साहेबाचा नंबर हाये का तुमच्याजवळ? मी त्यांना एक फोन करतो." कायले म्हटलं तर एकेक मोजायला लागली. फरशीवर आता अनवाणी पाय ठेववत नाही. डबा ठेवलेला, तर कालचं वरण आटून गेलं. वास. शटर. आणि रंग फुगला तो फक्त थप्पीच्याच बाजूनं काऊन फुगला, ओल असती तर बाहेरच्या भिंतीकडून फुगला असता.

बाया ऐकत होत्या. मंदाबाई बोटात धागा धरून थांबली होती. मला झोंबलं. म्हटलं, "बापानं बोल्ट आवळले त्या खांबाचे. त्याले माहीत नाई अन् तुले माहीत? चार बुकं शिकली तं बापाच्या कामाले परक्याकडून पास करून घेशील?"

तिचे डोळे भरले. "तसं नाई बाबा. तुमी नाई म्हणत असाल तं नाई करत." आणि वर निघून गेली. फोन केला नाही तिनं. मी मागून तिचा मोबाइल पाहिला, खरंच नाही केला.

संध्याकाळी तिच्यासाठी समोसे आणले. खाल्ले तिनं. झालं गेलं. पण तो मुद्दा मनात घोळतो आहे, थप्पीच्याच बाजूनं काऊन? बोरे ओले, त्यांची ओल लागली असेल. हो, तसंच असेल. उद्या सांगतो तिला.

२ ऑगस्ट, सोमवार

परवान्याचे साहेब आले, चहा घेतला, सात नंबरवर हात फिरवून "छान ठेवलं" म्हणाले. पास! सेठनी माझ्या पाठीवर थाप मारली.

उद्या पहिला ट्रक भरायचा आहे. ऑफिसखालचाच माल काढायचा, तो पिकला आहे म्हणून सेठना आधी तोच हवा. मधून बोरे ओढावे लागतील. रश्मी उद्या तिची फाईल घेऊन जाणार, सगळ्या ओरिजनल मार्कशीट. ऑफिसच्या मशीनवर झेरॉक्स काढायच्या आहेत, बँकेचा फॉर्म परवा बंद होतो. अल्कानं फाईलला प्लास्टिक गुंडाळून दिलं.

११ ऑगस्ट, बुधवार

रश्मी गेली.

आठ दिवस पेन हातात धरला नाही. आज धरतो, कारण माझ्याशिवाय हे कोणालाच माहीत नाही आणि डोक्यात ते एका जागी राहत नाही.

तीन तारखेला, मंगळवारी, अकराच्या सुमारास सुकरामनं थप्पीच्या मधला बोरा ओढला. बोरा अर्धाच हातात आला, खालचा भाग काळा होऊन गळून पडला. आतून पांढरा धूर निघाला. सुकराम ओरडला, "आग हाये!" मी म्हटलं, "वाफ हाये, ओल्या मालाची. अजून दोन काढ." मी म्हटलं असं. त्यानं दोन काढले. आत हवा शिरली आणि त्या भोकातून असा जाळ आला की सुकरामचे दोन्ही हात भाजले. आठ-पंधरा दिवस आतल्या आत पेटलेलं असेल ते. पाऊस धो धो चालू होता बाहेर आणि माझं गोदाम आतून जळत होतं.

बाया मोठ्या दारानं पळाल्या. मंदाबाईनं एकेकीला मोजून बाहेर काढलं. रश्मी जिन्यानं खाली आली, धडधाकट, नुसती खोकत होती. मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. पावसात उभे राहिलो. बंबाला फोन केला. ती वाचली होती. माझ्या हातात होती.

मग ती म्हणाली, "बाबा, माझी फाईल वरच राहिली. ड्रॉवरमंदी. सगळे ओरिजनल हायेत त्याच्यात." जिना दिसत होता. जाळ थप्पीच्या त्या अंगाला होता, धूर वर चढत होता, पण जिना मोकळा होता. ती माझ्या तोंडाकडं पाहत होती. "जाऊ का?"

मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून सोळा मिनिटं झाली होती. तास मिळतो, हे माझ्या डोक्यात होतं. वीस वेळा डबी टेकवून मोजलेला तास. ब्रश माझ्या डोक्यात नव्हता. सहा दिवसांपूर्वी मीच खरवडलेला खांब, आणि मला त्याची आठवणसुद्धा आली नाही. मी म्हटलं, "जाय, लवकर ये. लोखंड हाये, तासभर हालत नाई."

ती ओढणी तोंडाला लावून धावत गेली. जिना चढताना दिसली. खिडकीत दिसली, ड्रॉवर ओढत होती, तो अडकला होता बहुतेक. मी ओरडलो, राहू दे म्हणून. तिला ऐकू गेलं नसेल. मग सात नंबर मधोमध वाकला. आवाज मोठा झाला नाही. माणूस गुडघ्यातून बसतो तसा बसला. आठ नंबर उभा होता, सात बसला, आणि ऑफिस त्या बाजूला कलंडून सगळं खाली आलं. अकरा चोवीस.

आठ मिनिटं. रंग ठेवला असता तर ती माझ्यासमोर भिजत उभी असती. लिहून टाकलं. अल्का आत झोपली आहे.

१३ ऑगस्ट, शुक्रवार

कटरे साहेब आले. माझा हात हातात घेतला, मग राखेत उतरले. तीन नंबर, नऊ नंबर, आठ नंबर उभे आहेत. त्यांच्यावर दोन-तीन बोटं जाड काळी फेसासारखी साल चढली आहे. साहेबांनी आठ नंबरची साल चाकूनं कापली. आत लोखंडावरचा पहिला लाल प्राइमर तसाच्या तसा, मी फेब्रुवारीत पाहिला होता तसा.

मग आडव्या पडलेल्या सात नंबरजवळ गेले. हात फिरवला. "याचा रंग कुठं आहे?"

"मी काढला."

"कधी?"

"अठ्ठावीसला. फुगला होता. मले वाटलं ओलीनं फुगला."

ते खाली बसले. मला वाटलं शिव्या देतील, मारतील. मारायला पाहिजे होतं. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आग तेव्हापासूनच होती." थोड्या वेळानं म्हणाले, "मला एक फोन करायचा होतास रे." फोन कोण करणार होतं आणि कोणी करू दिला नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

१८ ऑगस्ट, बुधवार

पंचनाम्यात लिहिलं आहे, मुलगी कागदपत्रं आणण्यासाठी स्वतःहून परत वर गेली. हवालदारानं त्या दिवशीच विचारलं होतं, "स्वतःच गेली ना?" मी मान हलवली होती. खाली सही माझी. सुकराम दवाखान्यात, बाया दूर उभ्या होत्या, कोणी ऐकलेलं नाही. सेठ म्हणाले, "बच्ची ज़िद्दी थी, क्या करें." नातेवाईक येतात, तेच बोलतात. हट्टी पोरगी. कागदासाठी जीव दिला. बापाचं तरी ऐकायचं.

आणि अल्का. पंधरा दिवसांपासून ती रश्मीला शिव्या देते. रडता रडता शिव्या. "काऊन गेली वं? कोणं सांगतलं होतं तुले? मायबापाचा इचार नाई केला, कागद मोठे झाले तुले? विचारलं असतं तं तुह्या बापानं जाऊ देल्लं असतं का?" भांडी घासताना, अंगण झाडताना, विहारातून येताना. आज तर तिनं रश्मीचा फोटो उलटा करून ठेवला. म्हणाली, पाहत नाई मी तिच्याकडं, माह्यासाठी नाई थांबली ते.

मी खाटेवर बसून ऐकत होतो. जी पोरगी डबा किती वाजता न्यायचा तेही विचारायची, तिला रोज माझ्यासमोर हट्टी म्हटलं जात होतं, आणि मी ऐकत होतो. आज नाही ऐकवलं. म्हटलं, "अल्का, गप राय. ते स्वतःहून नाई गेली."

तिनं वळून पाहिलं.

"तिनं मले विचारलं होतं. बाहेर येऊन, माह्याजवळ उभी राहून विचारलं, बाबा जाऊ का?"

"मंग तुमी काय म्हणलं?"

"जाय म्हणलो."

मग बाकीचंही सांगितलं. रंग, ब्रश, समोसे, न केलेला फोन. बाहेर पाऊस लागला होता, वाळत घातलेले कपडे भिजत होते, तेही आणायला अल्का उठली नाही. माझं संपलं तेव्हा ती भिंतीला धरून उभी राहिली, फोटोपाशी गेली, तो सरळ केला, पदरानं पुसला. म्हणाली, "पंधरा दिवस झाले माय, मी तुले शिव्या देऊन राहिली. तुवं तं विचारलं होतं. चुकलं वं माह्यं."

तासभर ती फोटोशी बोलत बसली. आता स्वयंपाकघरात तिनं एकाचंच ताट वाढलं आहे, तिचं.